हृदयातील छिद्र, लांबलेला ताप आणि आपली जबाबदारी

हृदय, शिर आणि बस्ती या तीन मर्मांना आयुर्वेदाने शरीरात अग्रस्थान दिले आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थान आणि सिद्धिस्थान अशा दोन्ही ठिकाणी त्रिमर्मांसाठी स्वतंत्र अध्याय आहेत आणि सुश्रुताचार्यांनी हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. ज्या अवयवाचा एवढा आदर शास्त्रात आहे, त्या अवयवात जन्मतःच दोष घेऊन आलेला रुग्ण ताप घेऊन आपल्यासमोर बसतो, तेव्हा आपल्या व्यवहारात तो आदर कितपत उतरतो, हा प्रश्न सर्व वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधविक्रेत्या सभासदांनी स्वतःस विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय आहे हृदयाच्या झडपांच्या व अंतःस्तराच्या जंतुसंसर्गाचा, म्हणजे ज्यास आधुनिक वैद्यकात इन्फेक्टिव्ह एण्डोकार्डायटिस म्हणतात त्याचा. हा विकार फारसा आढळत नाही. साऱ्या लोकसंख्येत दरवर्षी लाखामागे साधारणतः तीन ते दहा जणांना तो होतो. परंतु जन्मजात हृदयदोष असलेल्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते, आणि असे दोष मात्र दुर्मिळ नाहीत. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालकांत हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. शिवाय महाधमनीची झडप तीनऐवजी दोनच दलांची असणे हा दोष शंभरातील एक-दोघांत असतो आणि बहुतेकांना तो आपल्याला आहे याचा पत्ताही नसतो.

आळंदी रस्त्यालगतच्या आपल्या विश्रांतवाडी परिसरात, तसेच धानोरी, कळस, टिंगरेनगर, दिघी या वस्त्यांत बाहेरगावाहून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. लहानपणी झालेल्या तपासण्यांची फाईल गावी राहिलेली असते, शस्त्रक्रिया नेमकी कोणती झाली हे आईवडिलांना सांगता येत नाही, आणि ‘छिद्र होते, आता बंद झाले’ एवढ्या एका वाक्यात सारा पूर्वेतिहास संपतो. अशा कुटुंबात ताप आला की पहिली पायरी जवळच्या वैद्याची किंवा औषधाच्या दुकानाची असते. मोठे रुग्णालय पुढे केव्हातरी येते. म्हणूनच या विकाराचे निदान वेळेवर होणार की नाही, याचा निर्णय पुष्कळदा हृदयरोगतज्ज्ञाच्या टेबलावर होत नसून आपल्या टेबलावर होतो.

विकार कसा घडतो

हृदयातील छिद्रातून किंवा विकृत झडपेतून रक्त वेगाने उसळते आणि समोरच्या अंतःस्तरावर सतत आदळते. तेथे सूक्ष्म क्षत निर्माण होते, त्यावर रक्तकणिका आणि तंतू यांचा थर साचतो. याच सुमारास दातांच्या मुळांतून, त्वचेवरील फोडातून किंवा अन्य मार्गाने जंतू काही क्षण रक्तात शिरले, तर निरोगी हृदयात ते टिकत नाहीत. या थरावर मात्र त्यांना आसरा मिळतो. तेथे जंतूंची गाठ वाढू लागते, जिला व्हेजिटेशन म्हणतात. या गाठीत रक्तवाहिन्या नसल्याने शरीराचे संरक्षक घटक तेथे पोचत नाहीत आणि औषधही कष्टाने पोचते. त्यामुळेच या विकारात शिरेवाटे जंतुघ्न औषध चार ते सहा आठवडे द्यावे लागते आणि काही रुग्णांत शस्त्रक्रिया अटळ ठरते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दोन जवनिकांमधील लहान छिद्र, म्हणजे ज्यामुळे मूल धापत नाही, वजन नीट वाढते आणि डॉक्टरही ‘शस्त्रक्रियेची गरज नाही’ असे सांगतात, ते या विकाराच्या दृष्टीने निर्धोक नसते. छिद्र जितके लहान, तितका रक्ताचा झोत जोरदार. याउलट दोन अलिंदांमधील साध्या छिद्रात दाबातील फरक कमी असल्याने या संसर्गाचा धोका फार कमी असतो. ‘लहान आहे, काही होत नाही’ हे आश्वासन हृदयाच्या कार्यशक्तीपुरते खरे आहे, तापापुरते खरे नाही.

लक्षणे फसवी असतात. आठवडाभराहून अधिक काळ मंद ताप, संध्याकाळी घाम, अरुची, वजन घटणे, पांडुता आणि प्लीहावृद्धी असे चित्र दिसते. नखांखाली बारीक रक्तरेषा, बोटांच्या अग्रांवर दुखऱ्या लहान गाठी, तळहातावर न दुखणारे लाल ठिपके आणि मूत्रात रक्त ही चिन्हे शोधल्याशिवाय सापडत नाहीत. दोन जवनिकांमधील छिद्राच्या रुग्णात गाठीचे तुकडे फुफ्फुसांकडे जातात आणि वारंवार खोकला, ताप व छातीत दुखणे सुरू होते. आपल्याकडे अशा रुग्णास क्षयाचा समजून औषधे सुरू होणे सहज शक्य आहे. गाठ डाव्या बाजूस असेल तर तुकडा मेंदूकडे जाऊन पंचविशीतील तरुणास अकस्मात पक्षाघात होतो. निळसर ओठांच्या जन्मजात हृदयरोग्यास ताप, डोकेदुखी आणि उलटी एकत्र आली, तर मेंदूतील विद्रधीचाही विचार करावा लागतो.

तीन दिवसांच्या गोळ्यांचे मोल

चित्र साधारणतः असे घडते. ताप येतो. दुकानातून किंवा दवाखान्यातून तीन-पाच दिवसांची अँटिबायोटिक गोळी दिली जाते. ताप उतरतो आणि सर्वांस समाधान वाटते. आठ-दहा दिवसांनी तो परततो, आता दुसरी गोळी येते. असे दोन-तीन फेरे झाल्यावर रुग्ण रुग्णालयात पोचतो आणि तेथे रक्तसंवर्धन केले जाते, ज्याला आपण ब्लड कल्चर म्हणतो. जंतू अर्धवट दबलेले असल्याने त्यात काहीच उगवत नाही. जंतू कोणता आणि त्यावर कोणते औषध लागू पडेल हे कळण्याचा मार्ग आपणच बंद केलेला असतो. रक्तसंवर्धनापूर्वी दिलेले अँटिबायोटिक हे या विकारातील नकारात्मक संवर्धनाचे प्रमुख कारण मानले जाते.

उत्तर भारतातील एका मोठ्या रुग्णालयाने १९८१ ते १९९१ या काळातील या विकाराच्या १८६ रुग्णांचा आढावा १९९२ साली प्रसिद्ध केला. रुग्णांचे सरासरी वय अवघे पंचवीस वर्षे होते. संधिवाती तापाने बिघडलेल्या झडपा हे सर्वांत मोठे मूळ कारण होते आणि त्याखालोखाल सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत जन्मजात हृदयदोष होता. रक्तसंवर्धन निम्म्याहून कमी रुग्णांतच सकारात्मक आले. आकडे जुने आहेत, पण ज्या सवयींमुळे संवर्धन वाया जाते त्या सवयी आपल्या गल्लीतून गेल्या आहेत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

इतिहासातील एक उदाहरण येथे बोलके आहे. व्हिएन्नाचे विख्यात संगीतकार गुस्ताव माहलर यांना झडपेचा जुना विकार होता. १९११ साली ते न्यूयॉर्क येथे दीर्घ तापाने आजारी पडले, तेव्हा त्यांच्या रक्ताचे संवर्धन करून स्ट्रेप्टोकोकस जंतू सिद्ध करण्यात आला. निदान अचूक झाले, पण औषध अस्तित्वात नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे निधन झाले. पेनिसिलिन येईपर्यंत हा विकार जवळजवळ नेहमीच मारक होता. आज औषध आहे, शस्त्रक्रिया आहे, आणि तरीही सर्व प्रकार एकत्र धरता पाच-सहा रुग्णांमागे एक दगावतो. त्या काळी निदान होते आणि उपचार नव्हता. आज उपचार असताना आपण निदान हरवून बसावे, यास काय म्हणावे?

कृमिज हृद्रोग नव्हे

आपल्या क्षेत्रात एक विचार अधूनमधून मांडला जातो. चरकांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात पाच हृद्रोग सांगितले, त्यांतील पाचवा कृमिज. एण्डोकार्डायटिस जंतूंमुळे होतो. यास्तव हा कृमिज हृद्रोगच होय आणि त्यास विडंगादी कृमिघ्न चिकित्सा पुरेशी आहे. हे अनुमान केवळ शब्दसाम्यावर उभे आहे. कृमिज हृद्रोगाच्या वर्णनात सुयांनी टोचल्यासारखी वेदना आणि कंडू यांना महत्त्व आहे. दीर्घकालीन ज्वर हे तेथे प्रधान लक्षण नाही. झडपांच्या संसर्गात मात्र ज्वर प्रधान असतो आणि हृदयात वेदना बहुधा नसतेच. लक्षणसमुच्चय जुळत नसताना केवळ नावावरून व्याधी एक ठरवणे हे निदानपंचकाच्या शिस्तीस धरून नाही.

शास्त्राच्याच भाषेत बोलायचे तर जन्मजात दोषाला सुश्रुताचार्यांच्या व्याधिवर्गीकरणात आदिबलप्रवृत्त आणि जन्मबलप्रवृत्त या वर्गांत जागा आहे. अशा स्रोतोवैगुण्याच्या जागी आगंतु कारणाने व्याधी स्थानसंश्रय करतो, अशी या विकाराची संगती लावता येईल. ही संगती समजण्यास उपयोगी आहे. औषध ठरविण्यास ती पुरेशी नाही. गुळवेल, सुदर्शन चूर्ण किंवा संशमनी वटी यांनी ज्वराचा वेग कमी होईलही, अर्जुनाची हृद्य म्हणून कीर्ती आहे. परंतु झडपेवरील जंतूंची गाठ यांनी निर्जंतुक होते असा पुरावा नाही. अशा रुग्णात ज्वर दडपणे म्हणजे धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेण्यासारखे आहे. जीर्णज्वर असे निदान लिहिण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला होता का, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

स्टेथोस्कोपचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील फिरत्या तपासणी पथकांत दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी रचना ठरविण्यात आली आणि तपासावयाच्या विकारांत जन्मजात हृदयदोष समाविष्ट करण्यात आला. अंगणवाडीतील बालकाच्या छातीवर पहिल्यांदा कान देणारा अनेकदा आपलाच स्नातक असतो. शासनाने ही जबाबदारी विश्वासाने सोपविली आहे. दवाखान्यात बसलेल्या वैद्याने ती कमी मानू नये.

मुखस्वास्थ्य हे आपले क्षेत्र

प्रतिबंधाच्या बाबतीत आधुनिक वैद्यकाची भूमिका गेल्या काही दशकांत बदलली आहे आणि ती आपण नीट समजून घेतली पाहिजे. पूर्वी हृदयात मर्मर ऐकू येणाऱ्या बहुतेकांना दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक देत असत. २००७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हे वर्तुळ फार लहान केले आणि २०२१ मध्ये तीच भूमिका पुन्हा मांडली. आता हा उपाय काही मोजक्या रुग्णांसाठीच सांगितला जातो. कृत्रिम झडप किंवा झडपेच्या दुरुस्तीसाठी कृत्रिम साहित्य बसविलेले; हा संसर्ग पूर्वी होऊन गेलेले; शस्त्रक्रिया न झालेले निळसर जन्मजात विकार; कृत्रिम तुकडा किंवा उपकरण बसवून दोष पूर्ण बुजविल्यानंतरचे पहिले सहा महिने; त्या तुकड्याशेजारी गळती शिल्लक राहिलेले; आणि हृदयप्रत्यारोपणानंतर झडप बिघडलेले. अशांना हिरडीला इजा होणाऱ्या दंतकर्मापूर्वी तीस ते साठ मिनिटे अमॉक्सिसिलिनची एकच मात्रा, प्रौढांना दोन ग्रॅम आणि बालकांना किलोमागे ५० मिलिग्रॅम, दिली जाते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना पूर्वी दिले जाणारे क्लिंडामायसिन २०२१ पासून या कामासाठी सुचविले जात नाही. निर्णय अर्थातच हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांचा. आपण फक्त रुग्णाला त्याची आठवण द्यावयाची.

या बदलामागील कारण आपल्या दृष्टीने मोलाचे आहे. वर्षातून एकदा दात काढताना रक्तात जेवढे जंतू जातात, त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा ते रोजच्या चावण्या-घासण्यातून रोगट हिरड्यांवाटे जातात. म्हणजेच एका गोळीपेक्षा वर्षभर निरोगी राहिलेल्या हिरड्या अधिक संरक्षण देतात. दिनचर्येत दंतधावन, कवल आणि गंडूष यांना स्थान देणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना हे नव्याने सांगावयास नको. पण ते डोळसपणे सांगावयास हवे. कठीण दातवणाने हिरड्या सोलवटू नयेत. खरखरीत लाल मंजन बोटाने जोरात घासू नये. आपल्याकडील स्त्रियांत अद्याप दिसणारी भाजक्या तंबाखूची मिश्री हिरड्यांचा नाश करते, ती सोडविण्यासाठी वैद्याने चिकाटी धरावी. मऊ ब्रश, सहा महिन्यांनी दंततपासणी आणि दिवसातून दोनदा स्वच्छता एवढे प्रत्येक हृदयदोषी बालकाच्या पालकांना लिहून द्यावे. लहान छिद्राच्या ज्या रुग्णांना प्रतिबंधक गोळी सांगितलेली नाही, त्यांना तर हेच खरे कवच आहे.

शस्त्रकर्मे, जलौका आणि कर्णवेध

आपल्या काही उपक्रमांत त्वचा किंवा श्लेष्मल आवरण भेदले जाते. उच्च धोक्याच्या रुग्णात त्याविषयी स्वतंत्र विचार हवा. जालंधर बंध पद्धतीने दात काढणाऱ्यांनी पूर्वेतिहास विचारल्याशिवाय हात लावू नये. पद्धत कोणतीही असली तरी दात निघतो तेव्हा हिरडी उघडी पडते. जळूच्या आतड्यात एरोमोनास जातीचे जंतू निसर्गतःच असतात आणि जलौकावचरणानंतर त्यांचा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत; यास्तव कृत्रिम झडप असलेल्या किंवा निळसर हृदयदोषाच्या रुग्णात जलौका टाळाव्यात हे माझे स्पष्ट मत आहे. कान-नाक टोचणे निर्जंतुक सुईने व्हावे आणि उच्च धोक्याच्या बालकात हृदयरोगतज्ज्ञास विचारून व्हावे. बस्तिकर्मासाठी मात्र केवळ या कारणाने अँटिबायोटिक देण्याची आवश्यकता नाही. अतिरेक दोन्हीकडून टाळावा.

औषध दुकानदार बंधूंना

औषधविक्रेते या साखळीतील महत्त्वाचा दुवा आहेत. अँटिबायोटिके अनुसूची एच मधील असून चिठ्ठीविना विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या एच १ अनुसूचीतील औषधांची तर स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. कायदा आहेच, पण येथे प्रश्न त्याहून जवळचा आहे. ‘तापाची गोळी द्या’ म्हणणाऱ्या ओळखीच्या ग्राहकास ‘घरात कोणाला हृदयाचा त्रास, छिद्र, झडप?’ एवढा एक प्रश्न विचारण्यास दहा सेकंद लागतात. उत्तर होय असेल, तर गोळी न देता त्यास डॉक्टरकडे धाडणे हीच त्याची खरी सेवा. तसेच वॉरफरिन किंवा असिनोकुमॅरॉल घेणाऱ्या झडपेच्या रुग्णास गुग्गुळकल्प, लसूणकल्प किंवा हळदीचे अर्क काउंटरवरून स्वतःहून सुचवू नयेत. आणखी एक स्मरण. १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याच्या यादीत हृदयविकार आणि ज्वर दोन्ही आहेत. त्यांवर उपाय म्हणून जाहिरातीचे फलक लावणे कायद्यासही धरून नाही.

पाठविणे म्हणजे हरणे नव्हे

एक आक्षेप मला ठाऊक आहे. रक्तसंवर्धन महाग, रुग्ण गरीब. आपण औषध दिले नाही तर तो शेजारच्या दवाखान्यात जाईल आणि आपले नाव जाईल. आक्षेप खोटा नाही. परंतु संवर्धनाचा खर्च आणि सहा आठवडे शिरेवाटे औषधांचा, वा झडप बदलण्याचा खर्च यांची तुलना रुग्णासमोर मांडली, तर बहुतेकांना ती पटते. ससून सर्वोपचार रुग्णालय आपल्यापासून फार दूर नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याच्याकडे पात्रतेची चौकशी करण्यास रुग्णास सांगावे.

राहिला प्रश्न प्रतिष्ठेचा. गुल्मचिकित्सेत, जेथे शस्त्रकर्माची वेळ येते, तेथे हा अधिकार धन्वंतरी संप्रदायाच्या वैद्यांचा, असे चरकांनी निःसंकोचपणे म्हटले आहे. कायचिकित्सेच्या मुख्य ग्रंथाने स्वतःची सीमा स्वतः आखली आणि त्यामुळे त्याची थोरवी उणावली नाही. योग्य वेळी योग्य हाती रुग्ण सोपविणे ही आपल्या परंपरेतीलच शिस्त आहे.

यास्तव सभासदांपुढे पुढील आचार ठेवीत आहे. ज्ञात हृदयदोष, शस्त्रक्रियेचा व्रण किंवा मर्मर असलेल्या रुग्णास स्पष्ट कारणाशिवाय ताप असेल, तर रक्तसंवर्धनाचे, म्हणजे वेगवेगळ्या जागी टोचून घेतलेले किमान तीन नमुने दिल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नये. रुग्ण अत्यवस्थ असेल, धाप, भ्रम किंवा पक्षाघात असेल, तर नमुन्यांच्याही नादी न लागता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तेथे नमुने घेऊन लगेच औषध सुरू होते. चिठ्ठीवर ‘जन्मजात हृदयदोष, झडपेच्या संसर्गाची शंका, अँटिबायोटिक दिलेले नाही’ असे ठळक लिहावे. दिले असेल तर कोणते व किती दिवस, ते लपवू नये. आणि आपल्या संघटनेने हृदयदोषी रुग्णांसाठी खिशात मावेल असे मराठी ओळखपत्र छापावे, ज्यावर दोषाचे नाव, शस्त्रक्रियेचे वर्ष, दंतकर्मापूर्वी गोळी हवी की नको आणि ‘ताप आल्यास प्रथम रक्त तपासा’ एवढाच मजकूर असेल. छपाईचा खर्च थोडा आहे. विश्रांतवाडीतील वैद्य आणि औषध दुकानदार यांनी पुढाकार घेतल्यास आरंभ आपल्या भागातूनच करता येईल. पुढील त्रैमासिक बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी कार्यकारिणीस विनंती आहे.

— एक सभासद, विश्रांतवाडी, पुणे